बर्फ कुठं पळून जातंय

आमच्या घरमालकांइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि आपल्या खरेपणाचा दुसऱ्यांना इतका उपद्रव देणाराही पाहिलेला नाही. चेन्नईत मैलापूरला देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. खाली ते आणि त्यांच्या पत्नी, वर मी. सगळी गल्ली त्यांना मामा आणि मामी म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. मी इथल्या एका इंग्रजी दैनिकाच्या कॉपी डेस्कवर काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांतल्या चुका काढून पोट भरते. भाड्यानं घर शोधत त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा मामांनी घर दाखवायच्या आधी घराचे दोष दाखवले. "नोव्हेंबरांत ही भिंत ओली होते. मे महिन्यांत नळाला मचूळ पाणी. पहाटे देवळाचा नादस्वर थेट उशीशी येतो. आणि मी फार बोलतों मणून भाडेकरू टिकत नाहीत. विचार कर." ज्या जाहिरातीत एकही दुरुस्ती करावी लागणार नाही अशी जाहिरात मी प्रथमच ऐकत होते. मी घर घेतलं. नोव्हेंबरात भिंत ओली झाली.

ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पूर्वज कधीतरी दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले. त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ, आणि मधूनच 'अय्यो' किंवा 'पोदुम', म्हणजे पुरे; 'सगळं'ला ते 'अस्कं' म्हणत. माझी मराठी त्यांना वर्तमानपत्री वाटायची. "तू बोलतेस तें बरोबर अहे, पण त्यांत मीठ नाही," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी तेव्हा मीठ घालायचा प्रयत्न केला. तोही त्यांना पसंत पडला नाही, आणि तेही त्यांनी सांगितलं.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या छपराखाली त्यांचं छोटं युनिट होतं. काम कोल्ड रूम उभ्या करायचं आणि बिघडलेल्या दुरुस्त करायचं. गिऱ्हाइकांत मासळीवाले, फूलवाले, आइस्क्रीमवाले, हॉटेलवाले, औषधांची गोदामं. इतर लोक खिशाला पेन लावतात तिथं मामांचा थर्मामीटर असे, आणि तो बाहेर काढल्यावर जे दिसेल ते मोठ्यानं वाचल्याशिवाय परत खिशात जात नसे. "उणे अठरा मणजे उणे अठरा," ते म्हणत. "उणे सतरा हें मत झालं." एकदा एका हॉटेलमालकानं कौतुकानं त्यांना जेवायला बोलावलं आणि जाता जाता स्वयंपाकघरातली नवी शीतपेटी दाखवली. मामांनी दार उघडलं, थर्मामीटर आत धरला, आणि भरलेल्या हॉटेलात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "तुमचं पनीर अकरा डिग्रीत अहे. त्यास देवाज्ञा झाली अहे." शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबानं चमचे खाली ठेवले. मालकानं मामांना पुन्हा कधी बोलावलं नाही. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही, आश्चर्य वाटलं. पनीरची बातमी दिल्याबद्दल माणूस रागावतो कसा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कोणाच्याही घरी गेले की ते आधी फ्रिजपाशी जात. दाराच्या कडेचं रबर धड आहे का हे पाहायची त्यांची रीत अशी होती, की बसचं तिकीट दारात धरायचं, दार लावायचं आणि तिकीट ओढायचं. सहज निघालं तर रबर गेलं. भाच्यासाठी मुलगी पाहायला अड्यारला गेले असताना, मुलगी कॉफी घेऊन बाहेर येत होती आणि मामा त्यांच्या स्वयंपाकघरात तिकीट ओढत होते. "दार धरत नाही," त्यांनी बैठकीत परत येऊन सांगितलं. लग्न झालं. पण मुलीची आई अजून मामांशी बोलत नाही. माझी आई कऱ्हाडहून मला भेटायला आली, तेव्हा तिनं रीतीप्रमाणं विचारलं, आमची मुलगी कशी राहते? मामा म्हणाले, "चांगली अहे. रात्रीं फार उशिरां येते, बाहेरचं खाते, गीझर बंद करायला विसरते, आणि तुमचा फोन आला की जेवले मणून सांगते." आईनं उरलेला आठवडा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेले नाही.

उघडं दार मात्र त्यांना सहन होत नसे. दागिन्यांच्या दुकानाच्या दारात एक गृहस्थ फोनवर बोलत उभे होते, काचेचं दार पाठीनं धरून. मामा रस्त्यानं चालले होते, त्यांचा त्या दुकानाशी काही संबंध नव्हता. ते पायऱ्या चढून गेले. "दार लावा. अस्कं चेन्नई थंड करायला निघालात काय?" गृहस्थ बाजूला झाले, आणि आतल्या पहारेकऱ्यानं मामांना सलाम ठोकला. आणि हाच माणूस, दिवसभर उणे अठरात वावरणारा, मार्गळी महिना लागला की माकडटोपी घालून फिरायचा. चेन्नईच्या डिसेंबरात! मी हसले तर म्हणाले, "आंतली थंडी मी केलेली असते. ही दुसऱ्याची."

अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, हे मामींनाच ठाऊक. त्यांनी सकाळी विचारलं, "इडली कशी झाली?" तर "काल बरी होती" असं उत्तर यायचं. मामींचा एकच हट्ट होता. तंजावरच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं: डोंगरातली बर्फाची भिंत, तिला खाली एक भोक, आणि त्या भोकातून नदी बाहेर येते. गंगेचं ते तोंड आपल्या डोळ्यांनी पाहायचं. नवरा बर्फाच्या धंद्यातला आहे हे कळल्यावर त्यांना वाटलं होतं, की हे तर आता झालंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामांनी शब्दही दिला होता. मामींनी दोघांसाठी स्वेटर विणायला घेतले. ते विणून झाले, जुने झाले, उसवून पुन्हा विणले गेले. दर वर्षी उन्हाळा लागायच्या आधी ते गच्चीवर वाळत पडत. चेन्नईत ऊन भाजून काढत असताना दोरीवर लोकरीचे जाड स्वेटर पाहून शेजारीण विचारायची, "मामी, हे कुणासाठी?" मामी म्हणायच्या, "जायचं अहे."

अडचण अशी होती, की वरची वाट उघडते उन्हाळ्यात, आणि कोल्ड रूम बंद पडतात त्याही उन्हाळ्यातच. मार्च ते जून मामांना सुट्टी म्हणजे मासळीवाल्याचा सत्यानाश. पुढे पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळतात, आणि वाट पुन्हा निवळते तोवर इकडे सणांची फुलं कोल्ड रूममध्ये येऊन पडलेली असत. मी तिथं राहायला आल्यापासून दर वर्षी एकच संवाद ऐकत होते, आणि माझ्या आधीच्या भाडेकरूंनीही तोच ऐकला असणार.

"यंदा?"

"यंदा कसं? मासेवाल्याचं कॉम्प्रेसर उघडून ठेवलं अहे."

"गेल्या वर्षी आइस्क्रीमवाल्याचं होतं."

"तें वेगळं, हें वेगळं. पुढल्या वर्षी जाऊं. बर्फ कुठं पळून जातंय?"

यावर ते स्वतःच हसायचे. मलाही तो विनोद आवडायचा. धंद्याच्या हिशेबानं तो खराही होता. दार नीट लावलेलं असेल तर बर्फ कुठंही जात नाही.

मग एका रविवारी मी ती बातमी सांगितली. रविवारी मी खाली जेवत असे. आदल्या दिवशी डेस्कवर एक मजकूर आला होता, हिमालयातल्या हिमनद्या मागे सरताहेत असा. त्यात गंगोत्रीच्या वरच्या त्या हिमनदीचाही उल्लेख होता. मी तो सहज बोलता बोलता सांगितला. मामी पानावर सांबार वाढत होत्या. त्या थांबल्या.

"मणजे पळतंय," त्या म्हणाल्या.

"किती?" मामांनी मला विचारलं. मी मजकुरातला आकडा सांगितला. "कुणी मोजलं? कशानं मोजलं? कुठल्या दगडापासून?" मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं, जे नव्हतं ते नाही म्हणून सांगितलं. त्यांना अशीच उत्तरं लागत. ते ताकभात न घेता उठले. तमिळ देशात ताकभाताशिवाय पानावरून उठणं ही किरकोळ गोष्ट नाही. मामींनी ताकाचं भांडं तसंच झाकून ठेवलं.

त्याच आठवड्यात मामांनी गिऱ्हाइकांना कळवलं, की सप्टेंबरात आपण नसणार. लोकांना वाटलं, आजारी आहेत. आजारी मात्र मामी होत्या. त्यांचे गुडघे केव्हाच गेले होते, आणि आता हृदयाचं दुखणंही निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, उंचीवर जायचं नाही. मामांनी विचारलं, "किती उंचीपर्यंत जायचं नाही?" डॉक्टरांना असा प्रश्न कुणी विचारत नसावं. पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, गाडी जाते तिथवर जा, थोडे दिवस राहा, चालू नका, आणि मी हो म्हटलं असं कुठं सांगू नका. मामांनी ते पुढे सर्वांना सांगितलं.

म्हणजे मामींना गंगोत्रीपर्यंत जाता येणार होतं. पुढची राष्ट्रीय उद्यानातून हिमनदीपर्यंतची वाट पायी, तिकडे मामा एकटे. मामींनी ते एका बैठकीत स्वीकारलं, पण अट घातली, की मीही जायचं. मला म्हणाल्या, "हे मज आकडे सांगतील. तू दिसलं तें सांग." प्रवासासाठी मामांनी गिंडीत स्वतःच्या हातानं एक थर्मोकोलचा डबा बनवला. दुहेरी भिंती, दुहेरी झाकण, कडेला रबर. मामींनी विचारलं, त्यात काय आहे? "आत्तां कांही नाही," मामा म्हणाले. हे अर्थातच खरं होतं.

प्रवासाचं वर्णन करत नाही. मामांची हिंदी म्हणजे तंजावरची मराठी मोठ्यानं बोललेली, एवढं सांगितलं तरी पुरे. गाडीवाल्यानं घाटात खिडकी उघडली तेव्हा "दरवाजा लगाव" असा हुकूम त्यांनी इतक्यांदा दिला, की तो शेवटी "मामाजी, यह बाहर है, बाहर तो ठंडा ही रहेगा," म्हणाला. गंगोत्रीला पोचल्यावर मामींनी एकावर एक तीन स्वेटर घातले आणि लॉजच्या खिडकीत बसल्या. खिडकीतून नदी दिसत होती आणि नदीच्या वरच्या अंगाला एक वळण. त्या वळणापलीकडे काय, तेच त्यांना पाहायचं होतं. निघताना त्यांनी मामांच्या टोपीची नाडी बांधली. "अस्कं बघा. कांही सोडूं नका. आणि ह्या पोरीस पुढें चालूं द्या, नाहीतर वाटेवरच्या अस्क्या दुकानांचीं दारं लावत बसाल."

वाट सोपी नव्हती, पण वाईटही नव्हती. आमच्याबरोबर तिथला एक वाटाड्या होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिला मुक्काम भोजबासाला. दुसऱ्या सकाळी पुढे निघालो, तेव्हा वाटेवर काही दगड दिसू लागले, रंगानं साल लिहिलेले. वाटाड्या म्हणाला, त्या त्या साली बर्फाचं तोंड इथं होतं. मामा पहिल्या दगडापाशी थांबले. मला वाटलं, दम लागला.

"हें आमच्या लग्नाच्या आधींचं," ते म्हणाले.

पुढच्या दगडापाशी म्हणाले, "ह्या वर्षीं गिंडीचं शेड घेतलं. नवीन होतं, सोडून येणं शक्य नव्हतं." त्यानंतर बरंच अंतर गेलं. पुढच्या दगडावरचं साल वाचून ते थोडे हसले. "ह्या वर्षीं फूलवाल्याचं काम. अस्का मे महिना जाईच्या वासांत. तुझी मामी मणायची, जेवतांनाही वास येतो." ते प्रत्येक दगडाला उत्तर देत होते. दगड गप्प होते. वाटाड्याला भाषा कळत नव्हती, पण तो प्रत्येक ठिकाणी टोपी काढून थांबत होता, त्याला हा काही विधी वाटला असावा. मग एका दगडापाशी मामांनी साल दोनदा वाचलं. ते त्याच्यासमोर खाली बसले.

"हे कुठलं साल, मामा?" मी विचारलं.

"ह्या वर्षीं कामच नव्हतं. मंदी होती. शेड बंद करून मी घरीं बसलों होतों. येतां आलं असतं."

"मग?"

"सवय झाली होती," मामा म्हणाले.

त्या दगडापासूनही बर्फ दिसत नव्हतं. ते दिसायला आणखी बरंच चालावं लागलं, आणि दिसलं तेव्हा मला ते आधी ओळखू आलं नाही. भूगोलाच्या पुस्तकातली पांढरी भिंत नव्हती. राखेच्या रंगाचा, दगडमाती अंगावर घेतलेला एक कडा होता, त्याला तडे गेले होते, आणि खाली काळसर पोकळीतून नदी निघत होती. तीही फार दूर. मधे दगडांचा खच. वाटाड्या म्हणाला, इथून पुढे नाही, वरून दगड येतात. ते आम्ही ऐकतच होतो. ऊन वाढेल तसतसे दगड सुटत होते आणि ठिबकण्याचा आवाज सगळ्या बाजूंनी येत होता. मामांनी थर्मामीटर काढला, हवेत धरला, पाहिला, आणि काही न वाचता खिशात ठेवला. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग ते म्हणाले, "कुणीतरी दार उघडं ठेवलं अहे."

वाटाड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

नदीच्या काठाशी वरून वाहत आलेले बर्फाचे तुकडे दगडांत अडकले होते. मामांनी त्यातला एक निवडला. निवडायला वेळ घेतला. एकात माती होती, दुसऱ्यात बुडबुडे. जो घेतला तो पारदर्शक होता, निळसर झाक असलेला. त्यांनी तो स्वच्छ रुमालात गुंडाळला, डब्यात ठेवला, दोन्ही झाकणं लावली, आणि कडेच्या रबरात तिकीट धरून ओढून पाहिलं. तिकीट निघालं नाही. "तिच्यापर्यंत जाईल," ते म्हणाले. "थोडा कमी होइल. पण जाईल." परतीच्या सगळ्या वाटेवर तो डबा त्यांनी वाटाड्याला दिला नाही. भोजबासाला रात्री तो बाहेर थंडीत ठेवला आणि पहाटे सर्वांआधी उठून पाहिला. मी या माणसाला बरीच वर्षं ओळखत होते. त्याला आनंदात पाहिल्याचं मला तेवढंच आठवतं.

उद्यानाची चौकी गंगोत्रीच्या अगदी जवळ आहे. तिथून गाव थोडंच राहतं. चौकीवरचा रक्षक आमच्या पिशव्यांतला कचरा पाहत होता, नेलेलं प्लास्टिक परत आणलं की नाही एवढंच त्याला हवं होतं. डब्याकडे त्यानं पाहिलंही नाही. सवयीनं विचारलं, "ऊपर से कुछ लाए तो नहीं?"

"बर्फ," मामा म्हणाले.

रक्षक हसला. "बर्फ तो पानी है, बाबा. ले जाओ."

गोष्ट इथं संपली होती. मी चालूही लागले होते. मागून मामांचा आवाज आला, "नियम में क्या है?"

"नियम में तो कुछ भी नहीं ले जाना. पत्थर नहीं, पत्ता नहीं. पर बर्फ कौन..."

"कुछ भी नहीं, मतलब कुछ भी नहीं," मामा म्हणाले. ते खाली बसले, दोन्ही झाकणं उघडली, रुमाल सोडला, आणि तो तुकडा चौकीच्या पायरीशेजारच्या दगडावर ठेवला. साबणाच्या वडीएवढा राहिला होता. रक्षक म्हणाला, "अरे बाबा, मैंने मना कहाँ किया?" मी म्हणाले, "मामा, ते न्या म्हणताहेत. मामी वाट पाहताहेत." मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "उणे सतरा हें मत झालं, पोरी." दगड उन्हात होता. तुकड्याखाली ओल पसरायला लागली. आम्ही निघालो तेव्हा रक्षक तो तुकडा उचलून सावलीत ठेवत होता. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मामी खिडकीतच होत्या. तिन्ही स्वेटर अंगावर. मामा समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काहीही सोडलं नाही. रंग राखेचा. तोंड दूर. जवळ जाता येत नाही. ठिबकण्याचा आवाज. वाटेवरचे दगड, त्यावरची सालं, त्या त्या साली आपण काय करत होतो ते, आणि ज्या साली काहीच करत नव्हतो तेही. मामी ऐकत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "चित्रांतल्यासारखं नाही?" मामा म्हणाले, "नाही." मग त्यांनी डब्याचं सांगितलं, तुकड्याचं आणि चौकीचंही.

"कुठें अहे?" मामींनी विचारलं.

"ठेवला तिथें. नियम अहे."

"त्यानं नेऊं नका मटलं?"

"ने मटलं. पण नियम..."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, तुला काय दिसलं. त्यांनी विचारलं नाही. "जन्मभर अस्क्या गांवाचं बर्फ राखलंत," त्या म्हणाल्या. "मासेवाल्याचं, फूलवाल्याचं. माझा एवढासा होता." मग आवाज न चढवता, "नाही आणलं तें नाही. पण सांगायचं तरी कशास? कांही मिळालं नाही मणायचं. नाहीतर खूप मोठं होतं, पांढरं होतं मणायचं. एक थाप मारायची होती. एक. मी कुणास विचारायला जाणार होतें?"

मामा खरंच गोंधळले होते. पनीरवाल्या हॉटेलमालकाच्या वेळी जसे झाले होते तसे, फक्त या वेळी त्यांना आश्चर्य वाटत नव्हतं. मामींनी एकेक करून स्वेटर काढले, घड्या घातल्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवले. गंगोत्रीत तेव्हा चांगलीच थंडी होती.

परत आल्यावर मामी पूर्वीसारख्याच वागल्या. भांडण नाही, अबोला नाही. फक्त इडली कशी झाली, हे विचारायचं त्यांनी सोडलं. मामाही कमी बोलू लागले. गल्लीत कोणी काचेचं दार धरून उभं असलं तर ते बाजूनं निघून जात. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा निवळला. पुढल्या वर्षी उन्हाळ्याआधी स्वेटर गच्चीवर आले नाहीत.

मामी त्याच वर्षी मे महिन्यात गेल्या, कामाच्या भर हंगामात. सकाळी कॉफी घेऊन बसल्या होत्या, तिथंच. तंजावरहून नातेवाईक यायचे होते, म्हणून इथल्या पद्धतीप्रमाणं देह ठेवायची काचेची शीतपेटी भाड्यानं आणली. ज्यांनी ती आणली ते मामांना धंद्यातले म्हणून ओळखत होते आणि त्यांच्यासमोर पेटी लावताना घाबरत होते. पेटीचा कॉम्प्रेसर खडखडत होता आणि झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं. मामा शेजारी खुर्चीवर बसून होते. त्यांनी खिशातला थर्मामीटर काढला नाही.

दुपारी मामींची एक मावसबहीण आली, तंजावरची, शाळेतली सोबतीण. ती पेटीपाशी रडली, मग मामांपाशी बसली. "गंगोत्रीस नेलं होतंत ना तिला? लहानपणीं एकच ध्यास होता तिला, अय्यो. पुस्तकाचं तें पान तिनं फाडून घेतलं होतं, बाईंनीं मारलं होतं. पाहिलं का हो तिनं बर्फ?"

मामा म्हणाले, "पाहिलं."

मी कॉफीचे पेले गोळा करत होते. मी थांबले.

"हातांत घेतलं," मामा म्हणाले. "स्वच्छ होतं, निळं. गालाला लावलं तिनं. मणाली, एवढं गार असतं होय! हसत होती. मी मटलं, पुरे, सर्दी होइल, तर सोडायला तयार नाही."

बहिणीनं पदरानं डोळे पुसले. "बरं झालं," ती म्हणाली. "तेवढं तरी झालं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू होतीस ना बरोबर?"

मामाही माझ्याकडे पाहत होते. सराईत खोटं बोलणाऱ्याचा चेहरा कसा असतो ते मला नोकरीमुळे ठाऊक आहे. हा चेहरा तसा नव्हता. परीक्षेला पहिल्यांदा बसलेल्या माणसाचा होता.

"हो," मी म्हणाले. "मी होते तिथं."

दिवसभर माणसं येत होती आणि मामा प्रत्येकाला ते सांगत होते. विचारलं त्याला सांगितलं, न विचारलं त्यालाही सांगितलं. शेजारणीला सांगितलं तेव्हा तुकडा मुठीत मावत नव्हता. मासळीवाला हार घेऊन आला, त्याला सांगताना मामींना तो दोन्ही हातांनी धरावा लागला होता. संध्याकाळी शेवटचा माणूस उठेपर्यंत तो सोललेल्या नारळाहून मोठा झाला होता, आणि मामी तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी काही दुरुस्त केलं नाही.